पॉइंट पंधराची फट

इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय टॅपेटला हात लावायचा नाही, असं वसुंधराबाई शितोळ्यांचं ठाम मत होतं. आणि त्या मतापायी शनिवार दुपारपासून उदयसिंहरावांना स्वतःच्याच गाडीची किल्ली सापडत नव्हती. त्यांनी देव्हारा पाहिला, फ्रिजचा माथा पाहिला, चपलांचं कपाटसुद्धा पाहिलं. संध्याकाळी दूध संपल्यावर त्यांनी अखेर तोंड उघडून विचारलं, तेव्हा किल्ली तूरडाळीच्या डब्यात आहे आणि उद्या दुपारपर्यंत तिथेच राहील, असं त्यांना सांगण्यात आलं. ते चालत जाऊन दूध घेऊन आले. लाइन आळीत राहणाऱ्या माणसाला दुधासाठी गाडी लागत नाही हे खरं. पण स्टेट ट्रान्स्पोर्टच्या हिशेब खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला आपली किल्ली डाळीत असावी याचं थोडं वाईट वाटणारच.

गाडी म्हणजे अठ्ठ्याण्णव सालची पांढरी आठशे. दर पाच वर्षांनी तिचं रजिस्ट्रेशन नव्याने करून घ्यावं लागायचं आणि त्यासाठी सोमवारी तिला तपासणीला न्यायचं होतं. महिनाभर मात्र ती चालू केली की बॉनेटखालून टकटक टकटक असा आवाज यायचा, एखादा अधीर पाहुणा दार वाजवतो तसा. इतकी वर्षं तिला सांभाळणारा तौसीफ मेकॅनिक दोहाला निघून गेला होता. महामार्गावरच्या नव्या गॅरेजात एका टाय लावलेल्या गृहस्थाने गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घालून पाहिला आणि हे मॉडेल सिस्टिम घेत नाही, असं सांगितलं. बंगळूरहून मुलगी मनस्वी फोनवर म्हणाली, की आई, आता ती भंगारात द्या. उदयसिंहरावही गुपचूप त्याच मताचे झाले होते. सोमवारी पास झाली नाही तर द्यायची, असं शुक्रवारी रात्री जेवताना ठरलंसुद्धा. म्हणजे उदयसिंहरावांनी ठरवलं आणि वसुंधराबाईंनी ताक वाढलं.

शनिवारी सकाळी वसुंधराबाईंनी माळ्यावरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात पांढऱ्या सुती हातमोज्यांच्या दोन जोड्या होत्या, आणि मऊ कापडात गुंडाळलेलं, पंख्यासारखं उघडणारं पोलादी पात्यांचं एक पुडकं. फीलर गेज. वेगवेगळ्या जाडीची पाती, प्रत्येकीवर बारीक आकडा कोरलेला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण याशिवाय पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वसुंधराबाईंनी तळोज्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं गेज रूममध्ये नोकरी केली होती. कारखान्यात कॉम्प्रेसरचे भाग बनायचे आणि बनलेला प्रत्येक भाग पास की नापास हे त्या खोलीत, दोन तपासनीसांच्या सह्यांनी ठरायचं. खोलीचं तापमान बारा महिने वीस अंश. मे महिन्यात शॉप फ्लोअरवरचे लोक काहीतरी शंका काढून तिथे यायचे आणि शंका फिटली तरी हलायचे नाहीत. तिथे तीन बायका होत्या आणि तिघींना मिळून एक खिडकी, जिच्यातून कर्नाळ्याचा सुळका दिसायचा म्हणे. वसुंधराबाईंच्या मते तो दिसायचा, आशालता नावाच्या त्यांच्या मैत्रिणीच्या मते तो पाण्याच्या टाकीचा खांब होता. हा वाद एकतीस वर्षांत मिटला नाही, मात्र केसाच्या दहाव्या भागाइतक्या फरकावरून या दोघींचं कधी भांडण झालं नाही. बोटाला कळायचं. पातं फटीत सरकवलं की किती अडतंय, किती सुटतंय, हे त्या न बघता सांगायच्या.

टॅपेटचं कामही तेवढंच होतं. इंजिनाच्या डोक्यावर सहा झडपा. प्रत्येक झडप दाबायला एक छोटा दांडा आणि दोघांच्या मध्ये मिलिमीटरच्या पंधरा शतांशाची फट. फट वाढली की टकटक. कमी झाली की आवाज बंद, पण झडप नीट मिटत नाही आणि कालांतराने जळते. एक नट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पातं सरकवून पाहायचं, नट आवळायचा. इंजिन कधी उघडलं नव्हतं हे खरं, पण वसुंधराबाईंचं म्हणणं असं, की मोजणाऱ्याला वस्तू काय आहे याच्याशी कर्तव्य नसतं.

रविवारी सकाळी सात वाजता हरिप्रिया सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या उतरल्या तेव्हा त्यांनी केसांना आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घातली होती, हातांत पांढरे मोजे होते आणि मागून उदयसिंहराव घडीचं टेबल, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि भिंतीवरचा थर्मामीटर घेऊन येत होते. थर्मामीटर खांबाला टांगला. सत्तावीस अंश. वसुंधराबाईंनी मान हलवली, पण परिस्थितीपुढे इलाज नव्हता.

पहिले आले ते मुनाफभाई. तळमजल्यावर त्यांचं घर, आणि मस्कतमध्ये सव्वीस वर्षं स्पेअर पार्टच्या दुकानात काढलेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राकडे ते आपल्या भाच्याकडे पाहावं तसे पाहायचे. त्यांनी सांगितलं की असं काम तिकडे मशीनवर करतात. मग सांगितलं, की तिकडे असं काम करतच नाहीत, इंजिनच बदलतात. मग त्यांनी बाह्या वर केल्या. त्यांची बीबी अमिरुन्निसा दारातल्या स्टुलावर बसून एका कुर्त्याला काज करत होती. आळीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तीच शिवायची. बोलायची कमी, पण सातच्या चहाचा एक थर्मास तिने न सांगता टेबलावर आणून ठेवला आणि पुन्हा सुई हातात घेतली.

एअर क्लीनर निघाला. वरचं झाकण निघालं. आतून जुन्या ऑइलचा वास आला आणि वसुंधराबाई क्षणभर तशाच वाकून उभ्या राहिल्या. उदयसिंहरावांना वाटलं पाठीत उसण भरली. तसं नव्हतं. तळोज्याच्या गेटातून आत शिरलं की सकाळी पहिला हाच वास यायचा.

आता पुढचा प्रश्न. झडप पूर्ण मिटलेली असेल तेव्हाच फट मोजायची, आणि त्यासाठी इंजिन हाताने हळूहळू फिरवावं लागतं. ते फिरवायचा पाना तौसीफकडे होता, आणि तौसीफ दोहाला. तेव्हा मुनाफभाईंनी, हे मान्य केलं पाहिजे, एक खरोखर उपयोगी गोष्ट सांगितली: प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि ढकला. चाक फिरलं की इंजिन फिरतं. फूटभर ढकललं की एक सिलिंडर जागेवर येतो, तीन सिलिंडरना तीन फूट. इतकं सोपं.

उदयसिंहराव उजव्या खिडकीतून एक हात स्टिअरिंगवर ठेवून ढकलायला लागले, मुनाफभाई मागून. वसुंधराबाई पुढून, उघड्या इंजिनावर नजर ठेवून, गाडीबरोबर उलट्या पावलांनी चालत होत्या. त्या थांबा म्हणाल्या तेव्हा दोघे थांबले. पण माणूस थांबला म्हणजे सातशे किलोची गाडी थांबते असं नाही. ती चार इंच पुढे जाऊन थांबली.

मुनाफभाई म्हणाले, चार इंच मागे घेऊ. वसुंधराबाईंनी नाही म्हटलं. गेज रूमचा नियम होता: मापावर नेहमी एकाच दिशेने यायचं. पुढे जाऊन मागे आलात तर यंत्रातली ढिलाई मापात मिसळते आणि आकडा खोटा निघतो. चुकलं तर पुन्हा पूर्ण फेरा घेऊन यायचं.

पूर्ण फेरा म्हणजे आणखी पावणेतीन फूट.

अशा प्रकारे साडेआठपर्यंत गाडीने आपली जागा सोडली होती. पहिला सिलिंडर दुसऱ्या प्रयत्नात सापडला. दुसऱ्याच्या वेळी उदयसिंहरावांना शिंक आली. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला गेटच्या बाजूला थोडा उतार आहे, हे सोसायटीच्या बांधकामातलं एकमेव यशस्वी काम. त्या उतारावर गाडी शिंकेसरशी चार-पाच फूट निघून गेली आणि वसुंधराबाई तिच्यापुढे उलट्या पावलांनी पळाल्या, हातातलं पातं उंच धरून, प्लॅस्टिकची टोपी डोक्यावर. गॅलऱ्यांमधून लोक पाहत होते. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, की लग्नाची गाडी आहे का. उदयसिंहराव वर न पाहता चाकाखाली वीट लावत राहिले.

साडेनऊला सेक्रेटरी अविनाश खाली आला. माणूस तरुण आणि वाईट नव्हता, पण नियमावलीची पीडीएफ त्याच्या फोनच्या पहिल्या पानावर होती. त्याने आधी ग्रुपवर टाकलं होतं की पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीस मनाई आहे. त्यावर अकरा जणांनी अंगठा दाखवला होता, त्यात चुकून उदयसिंहरावांचाही होता. आता समोर येऊन तो म्हणाला की काकू, नियम क्रमांक बावीस. वसुंधराबाई म्हणाल्या की ही दुरुस्ती नाही, मोजमाप आहे. अविनाशने फोनमध्ये मोजमापाबद्दल काही आहे का ते पाहिलं. नव्हतं. मग तो म्हणाला की निदान गाडी आपल्या जागेत ठेवून मोजा. इथे खरी अडचण निघाली, कारण गाडी आता कुणाच्याच जागेत नव्हती. आपली सात नंबरची जागा सोडून ती दोन खांबांच्या मधून आडवी बाहेर आली होती, आणि तिच्यामागे अविनाशची स्वतःची गाडी अडकली होती. त्याला जासईला जायचं होतं. तिथल्या कंटेनर यार्डात त्याचा माल अडकला होता आणि साहेबांचा तिसरा फोन वाजत होता.

तो म्हणाला, काकू, मागे घ्या.

त्याला उत्तर मुनाफभाईंनी दिलं, सव्वीस वर्षांच्या अनुभवाच्या गांभीर्याने: मागे नाही घेता येत. ढिलाई मिसळते.

अविनाशने तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. मग फोन खिशात टाकला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि तो मुनाफभाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तीन फूट पुढे गेली की त्याची गाडी सुटणार होती. आणि खरं सांगायचं तर त्याच्या ढकलण्यात एक शिस्त होती; थांबा म्हटल्याबरोबर तो टाच रोवून गाडी अडवायचा. दुसरा सिलिंडर एका फटक्यात जागेवर आला, मग तिसरा. तोवर अविनाशला जायला वाट झाली होती, तरी तो गेला नाही. हात पुसत त्याने विचारलं, की हे नक्की काय मोजतात. वसुंधराबाईंनी त्याला झडप दाखवली, फट दाखवली. साहेबांचा चौथा फोन त्याने वाजू दिला. मग मात्र गेला, आणि जाताना ग्रुपवर टाकलं की बाविसाव्या नियमाबाबत पुढील सभेत चर्चा होईल.

पाच झडपा झाल्या. प्रत्येकीला वसुंधराबाईंनी पातं सरकवलं, डोळे मिटले, स्क्रू किंचित फिरवला, नट आवळला, पुन्हा पाहिलं. नट आवळताना माप हलतं, म्हणून पुन्हा. उदयसिंहराव पाने हातात देत होते. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती आणि बायकोला काम करताना ते पहिल्यांदाच पाहत होते. घरातलं काम नव्हे, तिचं काम. तिचा खालचा ओठ थोडा आत जातो, हे त्यांना माहीत नव्हतं.

सहाव्या झडपेपाशी त्या थांबल्या. पातं घातलं, ओढलं. पुन्हा घातलं. मोजा काढून उघड्या बोटांनी ओढलं. स्क्रू पाव फेरा आवळला, सोडला. दहा मिनिटं गेली. उदयसिंहरावांनी हळूच विचारलं की दुसरा पाना हवा का. वसुंधराबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग टेबलाशी येऊन, चहाचा रिकामा पेला सरळ करत, त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “कळत नाही हो मला. बोटाला काही कळतच नाही. अडतंय की सुटतंय.”

तीन वर्षांपासून साखर होती. बोटांच्या टोकांना अधूनमधून मुंग्या यायच्या, पण त्या कणीक मळताना, भाजी चिरताना. त्याची कुणी नोंद घेतली नव्हती. पाच झडपांनी होती नव्हती ती जाणीव संपवली होती. मुनाफभाईंनी एकदा तोंड उघडलं, मस्कतचं काहीतरी निघणार होतं, पण ते मिटलं. वसुंधराबाई पात्यांचं पुडकं कापडाला पुसत राहिल्या, एकेक पातं, पुसायची गरज नसताना. एकदा एका फोरमनने त्यांना सांगितलं होतं, की बाई, तुमची बोटं कंपनीच्या मालमत्तेत लिहायला पाहिजेत. तेव्हा त्या रागावल्या होत्या.

अमिरुन्निसा कधी उठून आली ते कुणाला कळलं नाही. तिने सुई कुर्त्यात टोचून ठेवली होती. ती म्हणाली, “भाभी, मी बघू? काय बघायचं ते सांगा फक्त.”

वसुंधराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आधी तिला हात धुऊन यायला लावलं, कारण शिस्त ती शिस्त. दुसरी मोज्यांची जोडी पुढे केली, पण अमिरुन्निसाने ती नको म्हटलं. वसुंधराबाईंनी तिला पाचव्या झडपेत पातं घालायला लावलं, बरोबर माप कसं लागतं ते कळावं म्हणून. “जोर नाही लावायचा. मिटलेल्या वहीतून कागद ओढतेस ना, तसं. यायला हवं, पण सोडताना थोडं धरून ठेवायला हवं.” अमिरुन्निसाने तीन वेळा ओढलं. मग म्हणाली, रेशमाला सुती अस्तर लावलं की दोन कापडं एकमेकांवर अशीच सरकतात. एकतीस वर्षांत नव्या मुलींना शिकवताना ही उपमा वसुंधराबाईंना सुचली नव्हती.

मग सहावी. वसुंधराबाई स्क्रू फिरवत होत्या, अमिरुन्निसा पातं सरकवत होती. सैल आहे. अजून सैल. आता जास्त धरलं. थोडं सोडा, भाभी. अजून एक जरासं. थांबा.

“आता अस्तरासारखं आहे,” ती म्हणाली.

वसुंधराबाईंनी नट आवळला. पुन्हा ओढून पाहिलं, तसंच. पण त्या जन्माच्या तपासनीस, कुणाच्या शब्दावर माल पास करणाऱ्या नव्हेत. त्यांनी पॉइंट तेराचं पातं घातलं: सहज गेलं. पॉइंट अठराचं घातलं: तोंडाशीच अडलं. ही दोन पाती फट तेरा आणि अठराच्या मधे आहे एवढंच सांगतात; नेमकी पंधरा आहे का, ते बोटालाच विचारावं लागतं. त्यांनी दोन्ही पाती मिटली आणि पुष्कळ वर्षांनी तो शब्द उच्चारला: “पास.”

झाकण बसलं, प्लग बसले, किल्ली तूरडाळीतून आली. चार दाणे तिच्या कडीत अडकले होते. पहिल्या फेऱ्याला इंजिन खोकलं, दुसऱ्याला सुरू झालं. टकटक नव्हती. अगदीच नव्हती असं नाही. कान लावला तर आत खोलवर एक मऊ चकचक होती, आणि ती तशी असलीच पाहिजे, असं वसुंधराबाईंनी सगळ्यांना सांगितलं. मुनाफभाई म्हणाले, मस्कतमध्येसुद्धा असंच ऐकू यायचं. बीबीकडे पाहताना मात्र ते जरा वेगळ्या नजरेने पाहत होते. एकदा त्यांनी तिला हळूच विचारलं, की तुला हे येतं हे मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, मला तरी कुठे ठाऊक होतं.

सोमवारी तपासणीला तीन तास रांग होती. अधिकाऱ्यांनी चासी नंबर पाहिला, दिवे पाहिले, वायपर चालवायला लावला, हॉर्न वाजवायला लावला, मागच्या लाल पट्टीचा फोटो काढला. बॉनेट उघडलंही नाही. वसुंधराबाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाल्या की साहेब, इंजिनाचा आवाज ऐका एकदा. त्यांनी कागदावरून मान वर केली, दोन सेकंद खरोखर ऐकलं आणि म्हणाले, “छान आहे मॅडम. नवीन घेतलंय का इंजिन?” आणि पुढच्या गाडीकडे वळले. उदयसिंहरावांना वाटलं बाई आता दुखावणार. पण त्या घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर पाहत होत्या आणि स्वतःशीच कसल्यातरी तालावर बोट मांडीवर आपटत होत्या.

पाच वर्षांचा शिक्का मिळाला. भंगाराचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्या बुधवारी दुपारी वसुंधराबाईंनी अमिरुन्निसाला गाडीतून एक चक्कर मारायला बोलावलं. कुठे, ते सांगितलं नाही. बहुधा निघताना त्यांनाही माहीत नव्हतं. कर्नाळ्याला जावं असा विचार होता, पण चौकात आल्यावर त्यांनी गाडी तळोज्याकडे वळवली. कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. त्या जागी आता लांबच लांब निळ्या पत्र्याचं गोदाम होतं, आणि आत-बाहेर करणारे ट्रेलर. जुनं गेट तेवढं तेच होतं. वसुंधराबाईंनी गाडी गेटासमोर उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.

गेटवरचा रखवालदार खिडकीशी आला. म्हातारा होता, इथलाच गावचा. “कोनाला भेटायचं हाय?”

भेटायला कुणी नव्हतं. वसुंधराबाई काच वर करायला लागल्या, तेवढ्यात शेजारून अमिरुन्निसा पुढे वाकून म्हणाली, “मॅडमची ड्युटी होती इथे.”

म्हाताऱ्याने वसुंधराबाईंकडे नीट पाहिलं. ओळख पटली असं काही नव्हे. त्याने फक्त पाहिलं. मग म्हणाला की पाच मिनिटांत बाहेर यायचं, ट्रेलरांच्या मधे उभं राहायचं नाय, आणि नियमाप्रमाणे नोंद करायची. त्याने खिडकीतून रजिस्टर आत दिलं. नाव, गाडीचा नंबर, आत जाण्याची वेळ. शेवटचा रकाना होता, कशासाठी.

वसुंधराबाईंनी चष्मा लावला. क्षणभर पेन कागदाच्या वर धरून ठेवलं. मग त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘तपासणी’ असं लिहिलं, खाली सही केली, आणि रजिस्टर अमिरुन्निसाच्या मांडीवर सरकवलं.

“तुझीही कर,” त्या म्हणाल्या. “दोघींची लागते.”